वर कुणाला सोडायचं

रुग्णालय व्यवस्थापनाच्या आमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्राला ‘अभ्यागत-नियंत्रण’ नावाचं एक छोटं प्रकरण आहे. अभ्यागत म्हणजे रुग्णाला भेटायला येणारी माणसं. हे प्रकरण मी इतकी वर्षं शिकवत आलो आहे की खडू हातात घेतला की मुद्दे फळ्यावर आपोआप उतरतात. भेटीची वेळ ठरवून द्यावी. एका रुग्णामागे दोनच प्रवेशपत्रं द्यावीत. दारावर प्रशिक्षित माणूस नेमावा. सूचनाफलक ठळक आणि सोप्या भाषेत असावेत. एवढं सांगून झालं की तास संपतो आणि परीक्षेत यावर एखादी टीप येते. मुद्दे बरोबर आहेत. त्यांत मला आजही दुरुस्ती करावीशी वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी याच तासाला दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला होता. ती शाहूवाडीकडची. घरची भातशेती, भोवती डोंगर, आणि घराण्यात पदवीच्या पुढं शिकलेली ती पहिलीच. तिनं विचारलं, “सर, दारावरच्या माणसानं नेमकं म्हणायचं काय?”

नियम नम्रपणे समजावून सांगायचा, असं मी म्हणालो. तिनं ते लिहून घेतलं आणि पुन्हा मान वर केली. “व्हय सर, पण वाक्य काय?”

वर्ग हसला. मीही हसलो. पुढच्या तासाला जैववैद्यकीय कचऱ्याचं प्रकरण होतं, त्यामुळे तो प्रश्न तिथंच राहिला.

आमच्याकडे येणाऱ्या मुलांविषयी इथं थोडं सांगायला हवं. काही डॉक्टरांची मुलं असतात. घरचं हॉस्पिटल पुढं चालवायचं म्हणून येतात. बाकीची आयुर्वेद, औषधनिर्माण नाहीतर वाणिज्य शाखेची पदवी घेऊन येतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एक केबिन असते. काचेचं दार, टेबल, दारावर नावाची पाटी. मी अध्यापनात येण्यापूर्वी स्वतः रुग्णालयांत नोकरी केलेली असल्यामुळे मला ती केबिन दिसत नाही. कोल्हापुरातली बरीचशी रुग्णालयं डॉक्टर पती आणि त्यांची पत्नी मिळून चालवतात. पती शस्त्रक्रिया करतात. ऑक्सिजनच्या सिलिंडरपासून चादरींच्या धुलाईपर्यंत आणि परिचारिकांच्या रजेपासून लिफ्टच्या दुरुस्तीपर्यंत सगळं पत्नी पाहतात. त्या घडीत व्यवस्थापकाची खुर्ची मुळातच नसते; ती कुठून तरी काढावी लागते. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, “सर, नोकरी लागंल न्हवं?” तेव्हा मी लागेल म्हणतो. ते खोटं नसतं. खुर्चीची गोष्ट मात्र मी तेव्हा काढत नाही, कारण ती गोष्ट लांबते आणि बाहेर पुढचे पालक बसलेले असतात.

या मुलीचं घरी ठरलेलं होतं. शिक्षण पुरं होईपर्यंत स्थळ आणायचं नाही. त्यानंतर कोल्हापुरात व्यवस्थापक म्हणून नेमणूक मिळाली तर तिनं इथं राहायचं, नाहीतर घरी यायचं आणि वडील दाखवतील त्या स्थळाला सामोरं जायचं. हे तिनंच मला सांगितलं, शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी रुग्णालय निवडताना. तक्रारीचा सूर नव्हता. बसचं वेळापत्रक सांगावं तसं तिनं ते सांगितलं आणि मग म्हणाली, “म्हणून सर, जिथं पुढं ठेवून घेतील असं हॉस्पिटल बघा.”

मी तिला एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात पाठवलं. तिथले डॉक्टर माझ्या ओळखीचे. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणतात आणि त्यांच्या पत्नींना मॅडम. मोठ्या डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी काम सांगितलं: वॉर्डातली गर्दी कमी कर. कमी झाली तर प्रकल्पानंतर व्यवस्थापक म्हणून ठेवण्याचा विचार करू.

ही गर्दी पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या जिल्ह्यात माणूस दवाखान्यात ॲडमिट झाला की त्याला बघायला जावंच लागतं. न जाणं म्हणजे संबंध तोडणं. त्यामुळे एकाची शस्त्रक्रिया झाली की भावकी, सासरवाडी, दूधसंस्थेतली माणसं, शेजारच्या वस्तीवरची माणसं अशी सगळी वडापच्या, म्हणजे भाड्यानं माणसं भरून नेणाऱ्या, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून येतात. शहाळी आणतात, बिस्किटं आणतात, भाकरी-आमटीचे डबे आणतात, रुग्णाच्या खाटेवर बसतात आणि मोठ्यानं चौकशी करतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला झोप लागत नाही. परिचारिकेला सलाइनपर्यंत पोचता येत नाही. हे सगळं प्रेमापोटी चाललेलं असतं, आणि ते थांबवणं म्हणूनच अवघड असतं.

तिनं मी शिकवलं होतं तसंच केलं. पुस्तकाबाहेर एक पाऊलही टाकलं नाही. वेळ ठरवली, फलक लावले, एका रुग्णामागे गळ्यात अडकवायची दोन निळी कार्डं छापून घेतली. पहिला आठवडा बरा गेला. मग वारणानगरकडचे एक वयस्क गृहस्थ खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले. त्या वेळी काउंटरसमोर त्यांचा मुलगा आणि जावई उभे होते, म्हणून तिनं दोन कार्डं त्या दोघांच्या हातात दिली. संध्याकाळी रुग्णाचे थोरले भाऊ आले. घरातले सगळ्यांत मोठे, सगळे ज्यांच्या पाया पडतात असे. दारावरच्या माणसानं त्यांना सांगितलं की वर जायचं असेल तर जावयाकडून कार्ड मागून घ्या.

थोरल्या भावानं धाकट्याच्या जावयाकडं कार्ड मागायचं, तेही चारचौघांत, दवाखान्याच्या दारात. जावई धावत खाली आला, गळ्यातलं कार्ड काढून पुढं धरू लागला. म्हाताऱ्यानं ते घेतलं नाही. आणलेली शहाळी पायरीवर ठेवली, धोतराचा सोगा सावरला आणि ते आलेल्या जीपमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुटुंबानं डॉक्टरांचा सल्ला न जुमानता रुग्णाला तिथून हलवून दुसऱ्या रुग्णालयात नेलं. मुलगा मॅडमना एवढंच म्हणाला, की ज्या दारात आमच्या आप्पांचा मान राहिला नाही, तिथं आम्हाला राहता येत नाही.

मी प्रकल्पाच्या पाहणीसाठी त्याच आठवड्यात तिथं गेलो होतो. मॅडमनी मला आधी आत बोलावून घेतलं. चहा दिला, आणि कपाची बशी माझ्यापुढं सरकवत म्हणाल्या, “सर, तुमची मुलगी हुशार हाय. पण तुम्ही तिला शिकवताय काय? लग्नात मानाचं पान आधी कुणापुढं मांडायचं हे जिला कळंल, तिलाच हितं कार्ड वाटता यील.” त्या रागावलेल्या होत्या, पण मुलीवर नव्हे. मुलीला आठ-पंधरा दिवस बघू, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढं जमलं नाही तर प्रमाणपत्र देऊ आणि मोकळं करू.

ती मला मागच्या जिन्याजवळ भेटली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. दोन कार्डं तिच्या हातात होती आणि ती त्यांची दोरी बोटाला गुंडाळत होती. मी तिला धीर द्यावा असं वाटत होतं. पण सकाळपासूनचं माझंही हे तिसरं रुग्णालय होतं आणि माझ्याकडं देण्यासारखं काही नव्हतं. मी विचारलं, आता काय करणार?

ती म्हणाली, “आप्पांना पेशंट बघायचा नव्हता, सर. म्हंजे व्हता, पण तेवढंच न्हाय. आपण आलो, हे त्यांना कळवायचं होतं. ते कुणी वर कळवलंच न्हाय.”

मी तिच्या पाहणीच्या कागदावर सही केली आणि निघालो.

पुढच्या पंधरवड्यात तिनं जे केलं ते मला नंतर तिच्याच तोंडून आणि थोडंफार मॅडमकडून समजलं. तळमजल्यावर एक लांबट हॉल होता. तिथं जुन्या खुर्च्या आणि मोडक्या चाकांचं एक स्ट्रेचर ठेवलेलं असे. तिनं तो रिकामा करून घेतला, बाकं मांडली, पाण्याचा पिंप ठेवला. कार्डांचा नियम तसाच राहिला; बदल एवढाच, की कार्ड कुणाच्या गळ्यात घालायचं ते आता रुग्णालय सांगत नसे, घरानंच ठरवायचं असे. बाकीच्यांची भेट खालीच व्हायची, आणि ती भेट पुरी झाली असं सगळ्यांना वाटेल अशी करायची. संध्याकाळच्या वेळेला ती स्वतः त्या दारात बसू लागली. आलेल्याला बसवायची, पाणी द्यायची, कुठून आलात, रुग्णाचे कोण लागता, हे विचारायची. मग रुग्णाजवळच्या माणसाला खाली बोलवायची. तो खाली यायचा, पाया पडायचा, हकिगत सांगायचा. रुग्णाला काय झालंय हे ती स्वतः कुणालाही सांगत नसे. रुग्णाची माहिती घरच्यांच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही, हे प्रकरण आम्ही पहिल्या सत्रात शिकवतो. ते तिच्या अंगात मुरलेलं होतं, आणि या एका गोष्टीसाठी तरी मला आमच्या वर्गाबद्दल बरं वाटलं.

वॉर्डातली गर्दी कमी झाली. पण याचा दुसरा परिणाम तिनं हिशोबात धरला नव्हता. रोज संध्याकाळी त्याच प्रश्नांना तीच उत्तरं, तीही न कंटाळता. ‘आमचं गाव लांब हाय, एकदा तोंड बघू द्या’ म्हणणाऱ्या बाईला, ‘मी सरपंच हाय’ म्हणणाऱ्याला, दारू पिऊन आलेल्याला, खरोखर रडत आलेल्यालाही. तिचा घसा बसला. आणि प्रकल्प संपल्यावर मोठे डॉक्टर तिला म्हणाले, काम चांगलं झालं. पण हे काम स्वागतकक्षातल्या मुलीचं आहे, यासाठी व्यवस्थापक कशाला? स्वागतकक्षात लगेच घेतो. व्यवस्थापक म्हणून हवं असेल तर आणखी तीन महिने बघू.

तिनं तीन महिने मागून घेतले. घरी फोन करून वडिलांना थांबायला सांगितलं. वडील म्हणाले, थांबतो, पण सुगीपर्यंतच.

त्याच तीन महिन्यांत माझे मेहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरात जिन्यावरून पाय घसरून पडले. त्यांना याच रुग्णालयात दाखल केलं होतं. मला बातमी कॉलेजमध्ये कळली. त्या दिवशी परीक्षेच्या पर्यवेक्षणामुळे दुपारभर उभा होतो. डोकं दुखत होतं आणि दाजींना बघून लवकर घरी जावं एवढीच इच्छा होती. संध्याकाळी रुग्णालयात पोचलो तेव्हा खालचा हॉल निम्मा भरला होता. बाकांवर शाहूवाडी, पन्हाळ्याकडची माणसं बसलेली होती. हातात पिशव्या, काहींच्या मांडीवर शहाळी. मुलगी एका बाईशी बोलत होती. मला पाहून ती हसली आणि ‘आले, सर’ अशी खूण केली.

मी जिन्याकडं वळलो. ही माझी सवय होती. त्या इमारतीत मी इतक्या वेळा पाहणीला गेलो होतो की पाय आपोआप तिकडं वळले. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. फोनवर ती नेहमी ओरडूनच बोलते, त्यामुळे माझ्या शेजारच्यांनाही सगळं ऐकू गेलं असणार.

“दादा, खाली काय करायलास? ये की वर. कार्डं माझ्या नि पोराच्या गळ्यात हायत, पण तुला काय कार्ड लागतंय? तुझीच पोरगी हाय न्हवं दारात?”

बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, “मास्तर हायत व्हय तिचं?” शेजारचा म्हणाला, “व्हय की. मग जातील वर.” आणि हॉलमधली चार-पाच माणसं पिशव्या उचलून उभी राहिली. मी गेलो की आपणही जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यात रागही नव्हता की अरेरावीही नव्हती. दार उघडलं की आत जायचं, एवढं साधं.

मुलगी त्या बाईला सोडून माझ्याकडं आली. तिच्या चालण्यावरून मला कळलं की तिनंही ती उभी राहिलेली माणसं पाहिली आहेत. जिन्याच्या वळणावर मॅडम कठड्याला हात ठेवून थांबल्या होत्या. मी पुढचं पाऊल पायरीवर ठेवलेलं होतं. वर बहीण वाट पाहत होती, आणि मला खरोखर थकवा आला होता. मला वाटलं, तिनं काही न बोलता बाजूला व्हावं. तिनं तसं केलं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता. गुरूला कोण अडवतं?

ती माझ्यासमोर उभी राहिली. बसलेल्या घशानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली:

“सर, तुम्ही आलाय, हे दाजींना आत्ता जाऊन मी सांगते. तुमच्या भाच्याला खाली पाठवते. तोवर बसा. पाणी घ्या.”

तिनं बाकाकडं हात केला आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता जिना चढून गेली. मी पायरीवरचं पाऊल मागं घेतलं. काही क्षण मला काय वाटलं ते लिहायचं तर रुसवा हाच शब्द आहे. इतक्या लोकांत, माझ्याच विद्यार्थिनीनं. शहाळी पायरीवर ठेवून गेलेले ते आप्पा मला आठवले. फरक इतकाच की माझ्या हातात ठेवायला काही नव्हतं.

म्हाताऱ्यानं बाकावर सरकून जागा केली. “बसा पावणं,” तो म्हणाला. “आमालाबी न्हाय सोडलं. मास्तरला न्हाय सोडलं तर आमचं काय घिऊन बसलाय.” उभी राहिलेली माणसं एकेक करून बसली. मी पाणी प्यालो. भाचा खाली आला, पाया पडला, दाजींचं हाड जुळवून झाल्याचं सांगितलं आणि म्हणाला, बाबांनी निरोप दिलाय, दादा आले ते कळलं, आता घरी जाऊन पडा. मी घरी जाऊन पडलो.

नंतरचं मला मॅडमकडून समजलं. त्याच रात्री जेवताना त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं होतं, “ठेवून घ्या तिला. सरांनासुद्धा वर सोडलं न्हाई. स्वागतकक्षातल्या पोरीला जमायचं न्हाई हे.” तीन महिने पुरे व्हायच्या आतच तिला व्यवस्थापक म्हणून नेमणूक मिळाली. केबिन मिळाली नाही. हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल आणि खुर्ची मिळाली. वडिलांनी सुगीनंतर येऊन ते टेबल बघितलं, त्यावर हात फिरवला आणि बरं म्हणून परत गेले. अजूनही संध्याकाळी ती तिथंच बसते. पगारवाढीच्या वेळी तिनं दारासाठी आणखी एक माणूस मागितला. तो अजून मिळालेला नाही. घसा बसण्यावर जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या सगळ्यांचं तिला आपापलं औषध सांगून झालं आहे.

माझी बहीण त्यानंतर दोन सणांना माझ्याकडं आली नाही. ‘दादा दवाखान्यात आला आणि वर आलाच न्हाय,’ असं ती अजून नातेवाइकांत सांगते. दाजी समजूत घालतात. तिची समजूत पटत नाही, आणि ती पटावी असा आग्रहही आता मी धरत नाही.

यंदा ते प्रकरण पुन्हा आलं. फळ्यावर मुद्दे लिहून झाले आणि तासाची पंधराएक मिनिटं शिल्लक होती. मी खडू ठेवला आणि वर्गाला सांगितलं, की मी रुग्णाला भेटायला आलेला आहे, हे दार म्हणजे वॉर्डाचं दार, आणि तुमच्यापैकी एकेकानं मला थांबवायचं. मुलं खूश झाली. एक मुलगा पुढं आला, दाराशी उभा राहिला. मी बाहेरून आत आलो.

“या सर,” तो म्हणाला आणि बाजूला झाला.

दुसऱ्या मुलीनं नियम पाठ म्हणून दाखवला, आणि मी ‘अगं, लांबून आलोय’ म्हणताच तीही बाजूला झाली. तिसरा हसतच सुटला. मी पुन्हा पुन्हा बाहेर गेलो आणि आत आलो. गुडघे दुखायला लागले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा निम्म्याहून अधिक वर्ग पुढं येऊन गेला होता, आणि प्रत्येकानं मला आत सोडलं होतं.